आतलं दार

कय्युम मिस्त्रीचा एक हट्ट होता. नाटकाचा सेट उभारायच्या आधी तो प्लायवूड-पुठ्ठ्याचं छोटं घर करायचा, एका फुटाला एक इंच. आणि त्या घरात एक लाकडी बाई उभी करायचा, पाच इंचांची, सागवानी. माणूस उभं केल्याशिवाय घराचं माप कळत नाही, असं त्याचं म्हणणं. जळगावातली हौशी नाटकवाली पोरं चिडवायची, "मिस्त्री, हिला पण दोन वाक्यं द्या की!" चिडवू देत. स्पर्धेत पडदा उघडला की पहिली टाळी त्याच्याच घराला पडायची.

ती बाई म्हणजे त्याची बायको, जुबेदा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं तिला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पेन्सिलीनं खूण केली अन् त्या मापाची बाहुली कोरली. जुबेदा लाजली नाही, भडकली. "इतकी ठेंगणी आहे का मी?" होतीच की! मोजून पाच फूट.

पण घर तयार झालं की हीच ठेंगणी गॅस बारीक करून यायची, वाकून आत बघायची अन् खोड काढायची. "पाण्याचा माठ कुठे ठेवेल ही? कपडे कुठे वाळत घालेल?" नाटकात कपडे वाळत घालायचेच नाहीत, हे सांगून कय्युम थकला. तरी मुकाट्यानं बदलायचा, कारण बाईचं बरोबर असायचं. तीस वर्षं बक्षिसं त्याच्या नावावर लागली, नजर मात्र तिची होती.

रमजानच्या आधी जुबेदा गेली. तीन दिवसांचा ताप, बस. मुलगी अफरीन भुसावळहून आली, महिनाभर राहिली अन् सासरी परतली. कय्युमनं बाहुली जुबेदाच्या ओढणीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली. बघवतच नव्हतं त्याला.

दिवाळीनंतर लताबाई दारात आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, नाटकं बसवणाऱ्या, सगळ्यांच्या अक्का. "कय्युमभाऊ, स्पर्धा धुळ्याला आहे. घर तुम्हीच करायचं." तो आधी नको म्हणाला. मग अफरीनला फोनवर म्हणाला, "एवढं एक करून बघतो. जमलं तर ठीक, नाहीतर करवत-रंधा देऊन टाकतो कुणाला तरी." बोलून गेला खरा, पण जीव टांगणीला लागला. हे कामही सुटलं तर त्याच्याजवळ उरणार काय होतं?

नऊ दिवस तो घर करत बसला. खिडकीला सायकलच्या तारांचे गज केले. ओसरीवर झोपाळा टांगला. दहाव्या दिवशी चादरीखाली झाकून, रिक्षात मांडीवर धरून, घर अक्कांकडे नेलं.

अक्कांनी चष्मा पुसून चारी बाजूंनी बघितलं. "भाऊ, बठ्ठं बेस शे!" पारोळ्याची बोली त्यांच्या तोंडून खूश झाल्यावरच निघायची. मग त्यांनी नाटकाची वही उघडली. दोनदा पानं मागेपुढे केली.

"पण मंदा कुठून येते हो?"

"कोण मंदा?"

"अहो, नाटकातली आई! पाच वेळा स्वयंपाकघरातून बाहेर येते. तुम्ही आतलं दारच ठेवलं नाही."

कय्युम वाकला. बाहेरचं दार होतं, खिडकी होती, देवळीसुद्धा होती. मागची भिंत मात्र सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तीस वर्षांत असली चूक झाली नव्हती. त्याच्या स्वतःच्या घरात अफरीन गेल्यापासून स्वयंपाकघराला कडी होती. डबा शेजारून यायचा.

"आता आतून कुणी येतच नाही ना, अक्का," तो म्हणाला, अन् खांद्यावरच्या रुमालात तोंड खुपसून रडला. दफनाच्या दिवशी रडला नव्हता, तेव्हाचंही सगळं आता रडला. अक्कांनी वही मिटली. पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर त्यानं आधी स्वयंपाकघराची कडी काढली. ट्रंकेतून बाहुली काढली. ओट्याशी फरशीवर बसून छोट्या घराच्या मागच्या भिंतीला बाहुली टेकवली, तिच्या डोक्यावर दीड इंच सोडून खूण केली अन् करवत लावली. दार झालं. त्यानं बाहुलीला दारात उभं केलं आणि जुबेदा वाकायची तसा वाकून आत बघत राहिला.

दार अगदी बरोबर झालं होतं. खोड काढायला कुणी आलं नाही.