पंधराव्या ॲबटने उचलून नेलेली जाती

लग्नानंतर वर्षभराने मी इंग्लंडला आले. साठचं दशक संपत आलं होतं. लंडनहून ट्रेनने दोनेक तासांवरच्या एका जुन्या गावातल्या हॉस्पिटलमध्ये ह्यांची नोकरी होती. हे ड्यूटीवर गेले की मी घरात एकटी. मुंबईत फोर्टातल्या एका ऑफिसात मी टायपिस्ट होते, त्यामुळे लायब्ररीच्या बोर्डावर ‘ऐतिहासिक पुस्तकासाठी टायपिस्ट हवी’ अशी चिठ्ठी दिसली, तेव्हा मी त्याच दुपारी त्या पत्त्यावर गेले.

दार उघडलं ते एका निवृत्त लॅटिन शिक्षकाने. उंच, विधुर, कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. मनातल्या मनात मी त्यांना मास्तर म्हणू लागले. गावात एके काळी बेनेडिक्टाइन साधूंचा मोठा मठ होता. आता त्याचं चर्च आणि एक वेस तेवढी उरली होती. त्या मठाच्या सगळ्या प्रमुखांचा, म्हणजे ॲबट लोकांचा, इतिहास मास्तर लिहीत होते. हे ॲबट म्हणजे नुसते संन्यासी नव्हेत. राजाच्या दरबारात त्यांना मान होता आणि गावातली शेतं, बाजार, गिरणी, सगळं त्यांच्या मालकीचं होतं.

पहिले दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी मास्तर हात चोळत म्हणाले, “आनंदाची बातमी! नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये आणखी एक ॲबट सापडला!”

हा मनुष्य जेमतेम काही आठवडे गादीवर होता. पण त्याच्यापायी दहावा झाला अकरावा, अकरावा झाला बारावा, आणि दीडशे पानं मी पुन्हा टाइप केली, प्रत्येक पानाच्या दोन कार्बन कॉप्यांसह. ते काम संपतंय तोवर मास्तरांचं मत बदललं. त्या माणसाला बिशपचा आशीर्वाद मिळालाच नव्हता, म्हणून तो मोजायचा नाही. सगळे पुन्हा एकेक पायरी खाली. मी खिडकीबाहेर बघत मनात दहापर्यंत आकडे मोजले. मराठीत.

त्यात मास्तरांना ॲबटांचा भारी पुळका. एकाने मनोरा बांधला, तो थोर. दुसऱ्याने दुष्काळात चांदीचे पेले विकून गरिबांना जेवू घातलं, तो थोर. तिसऱ्याने भाच्यापुतण्यांना जमिनी वाटल्या, तर तो ‘कुटुंबवत्सल’!

मग पंधरावा आला. गावकऱ्यांनी धान्य मठाच्याच गिरणीवर दळायचं, असा त्याचा नियम होता. लोक चोरून घरी दळत. म्हणून त्याने घराघरांत माणसं पाठवून जाती उचलून आणली आणि त्या दगडांची फरशी आपल्या बैठकीच्या खोलीत घातली. मास्तरांनी हे सगळं पानाच्या तळाशी, बारीक टिपेत दोन ओळींत उरकलं होतं.

मी टाइप करायची थांबले. “हे दगड घरातून उचलताना घरात बाई असेल ना? ती काय म्हणाली?”

“तसं कुठे लिहिलेलं नाही.”

“लिहिणारे कोण होते?”

“मठातले साधू.”

“मग कसं लिहिलेलं असेल?”

मास्तरांनी चष्मा काढला. “तुम्ही टाइप करा. इतिहास मी लिहितो.”

मी टाइप केलं. फक्त त्या दोन ओळी तळातून उचलून वर, मुख्य मजकुरात घातल्या. दुसऱ्या दिवशी पान बघून त्यांचे कान लाल झाले.

“ही टीप वर कशी आली?”

“चालत आली,” मी म्हटलं आणि कोट घालून घरी निघून आले.

रात्री ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “अगं, शेकडो वर्षांपूर्वीची जाती ती. तुझा काय संबंध?” आता मी दोघांवर चिडले.

मी पुन्हा तिकडे फिरकले नाही. तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, बेल वाजली. दारात मास्तर, हातात वही. आत येऊन बसले, चहा घेतला आणि म्हणाले, “जातं फिरवतात कसं? मी कधी पाहिलेलं नाही.”

जात्यांवर लिहून मोकळे झाले होते आणि जातं पाहिलेलं नव्हतं! मी पोळपाट टेबलावर ठेवला, त्यावर डब्याचं झाकण, आणि फिरवून दाखवलं. खुंटा कुठे, दाणे कुठून घालायचे, पीठ कुठून पडतं. घरच्या माणसांपुरतं दळायला किती वेळ लागतो, खांदे कसे भरून येतात, तेही सांगितलं. मी लहानपणी आईसमोर बसून दळलेलं होतं.

“रोज?” त्यांनी विचारलं.

“रोज.”

त्यांनी स्वतः झाकण फिरवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे मठाची गिरणी ही बायकांची सोयच होती की!”

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगायचं तर, आमच्या गावात विजेची गिरणी आली तेव्हा रांगेत पहिली माझी आई होती.

“सोय होती,” मी म्हणाले. “आई गिरणीवर गेली ती आपल्या मनाने. जातं तिने कोपऱ्यात ठेवलं, टाकलं नाही. गिरणीवाल्याने घरात शिरून ते नेलं असतं आणि रोज त्याच्यावर पाय ठेवून चालला असता, तर ती परत त्याच्या दारात गेली नसती.”

मास्तरांनी हे वहीत लिहून घेतलं. मग हळूच म्हणाले, “सोमवारी याल का? अजून बरेच ॲबट बाकी आहेत.”

गेले. काय करणार? पुढे आणखी दोनदा क्रम बदलला.

सत्तरच्या दशकात कधीतरी पुस्तक छापून आलं. पंधराव्याच्या प्रकरणात जात्यांवर सबंध दीड पान होतं, दळणाऱ्या बायांसकट, आणि छान लिहिलेलं होतं. मी कुठे दिसते का म्हणून सुरुवातीचं आभाराचं पान उघडलं. लायब्रेरियनचे आभार, चर्चच्या पाद्र्यांचे आभार आणि शेवटी ‘माझ्या टायपिस्टच्या अपार सहनशीलतेबद्दल’ आभार.

सहनशीलता! मी ते पान ह्यांच्यापुढे धरलं. हे इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मी जेवणापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.