बैलाचे पुढचे पाय: चिकलठाण्याच्या देखाव्यातली आमची रात

मामाचा फोन आला तेव्हा आम्ही कापसात खुरपत होतो. मामा चिकलठाण्याला राहतो, कंपनीत कामाला हाय. त्याच्या कॉलनीतल्या गणपती मंडळानं 'गावचा बाजार' असा जिवंत देखावा ठेवला होता. म्हणजे मूर्त्या नाय, खरी माणसं सोंग घेऊन उभी राहतात आन मागं रेकॉर्ड वाजते. पण कॉलनीतली माणसं काय केल्या गावची दिसंनात. मामा आईला म्हणला, "ताई, तुम्ही तिघं या. तुम्हाला काय करायचंच नाय, जसे हायेत तसे उभे राहा."

आई-अप्पा लगेच तयार. मी नाय. माझी शाळा नववीतच सुटली, पण त्याच्या आधीबी वर्गात उभं राहून वाचायचं म्हणलं की माझा घसा बंद व्हायचा. घरी पाव्हणे आले तर चहा मी दारातूनच आईकडं सरकवते. मामाला हे माहीत हाय. म्हणला, "सोने, तू बैल हो. बैलाच्या आत कोण हाय ते कुणाला दिसतंय?" तेव्हा मी हो म्हणले.

देवगाव रंगारीहून दुपारची एसटी पकडली. बायांना अर्धं तिकीट हाय, म्हणून आई अप्पाला म्हणली, "आज तुम्ही महाग पडले." कसाबखेड्यापर्यंत रस्ता हाडं खिळखिळी करतो, मागच्या शिटावर बसू नका. वेरूळच्या पुढं मात्र डोंगर असा हिरवागार की फोन हातातून ठेववत नाय. दौलताबादजवळ पेरूवाल्या बाया बसल्या होत्या. गाडी थांबली तर घ्या, मीठ-तिखट लावून देतात. मोठ्या स्टँडवरून जालना रोडनं शेअरिंग रिक्षा मिळते, पण गणपतीत ट्राफिक लई. संभाजीनगर (अप्पा अजून औरंगाबादच म्हणतात) त्या दिवशी नुसतं ढोलानं हालत होतं.

मामीनं आधी पोहे खाऊ घातले, मग रंगवायला घेतलं. मेकअपवाला दादा अप्पाकडं बघून म्हणला, "काका, तुम्ही शेतकरी वाटत नाय. फेटा बांधू, मिशी रंगवू." अप्पा लई हसले. आईला नऊवारी आन ही मोठी नथ. आई म्हणली, "नथ घालून मेथी विकायला कोण बसतं रं?" पण काढली नाय, आरशात तीनदा बघितली.

बैल दोन माणसांचा होता. फोमचं डोकं, बांबूची शिंगं, वरून झूल. मी पुढचे पाय. मागचे पाय होणाऱ्या पोराला ताप भरला होता, म्हणून अप्पानं मिशीसकट आत शिरायचं ठरवलं. वाकून म्हणले, "जन्मभर बैलाच्या मागं चाललो, आता आतच आलो."

अप्पाची गंमत अशी की सवय जाईना. आतूनच बैल हाकायचे. "हां, चल! हो हो, थांब!" आन मी पुढं मुकाट्यानं ऐकायची. मला तोंडाच्या फटीतून तेवढं दिसायचं. बाहेर गर्दी, शिट्ट्या, मोबाईल, आन मी मजेत. सगळे माझ्याकडं बघत होते आन कुणीच मला बघत नव्हतं.

दोन खेळांच्या मधी एक बारकं पोरगं दोरीखालून आत आलं, चारेक वर्षाचं. रडून रडून नाक लाल. त्याची आई हरवली होती. मामानं उचललं तर लाथा मारल्या. माझी आई मेथीची जुडी टाकून आली, तर तिच्या नथीलाच भ्यालं. पळत आलं आन बैलाच्या गळ्याला मिठी मारली. सोडीचना. बैलाच्या कानात म्हणलं, "माझं नाव शौर्य. मम्मीची ओढणी लाल हाये."

मामा म्हणला, "हरवलेल्यांची नावं पुकारायचा माईक गल्लीच्या तोंडाला हाय. पोरगं बैलाला सोडत नाय, तर बैलच न्यावा लागंल."

पोराला अप्पाच्या पाठीवर बसवलं. आतून अप्पा म्हणले, "हळू गं, माझी कंबर!" निघालो. एक फुगेवाले चाचा पुढं झाले आन ओरडले, "हटो रे, बैल को रस्ता देओ! सवारी है ऊपर!" लोक हसत बाजूला झाले. अप्पाला काय दिसत नव्हतं. दर दोन पावलाला "कुठं आलो?" आन मी "भजेवाला... आता पाळणा..." असं सांगत होते.

माईकवाल्या दादानं पोराला नाव विचारलं. ते मान हलवून म्हणलं, "बैलाला सांगितलं मी."

दादानं हसत माईक बैलाच्या तोंडाला लावला.

घसा बंद. नेहमीसारखा. गल्ली सगळी थांबलेली. मागून अप्पानं हाकलं नाय. नुसती माझ्या कमरेवर डोकं टेकवून उभे राहिले. पोरगं वरून म्हणलं, "बैल, सांग ना."

"शौर्य... शौर्य सापडलाय," मी म्हणले. मग जरा जोरात, "शौर्यची मम्मी, लाल ओढणी, गल्लीच्या तोंडाला या. पोरगं बैलावर हाये. रडत नाय आता."

पार टोकाच्या भोंग्यातून माझा आवाज जरा उशिरानं परत आला. मला वाटलं दुसरीच कुणी पोरगी बोलतीय, आन चांगली बोलतीय.

लाल ओढणी गर्दी चिरत आली. पोराला घेतलं आन बैलालाबी मिठी मारली. "आत कोण आहे? बघू तरी," म्हणली. मी डोकं काढलं. शौर्यनं माझ्याकडं बघितलं आन परत भोकाड पसरलं, "माझा बैल कुठं गेला?" घालावं लागलं परत.

तुम्हाला जिवंत देखावे बघायचे असतील तर शेवटच्या दोन-तीन दिवसांत जा आन मुक्काम पाव्हण्यांकडं करा. एवढ्या रात्री गावाकडं गाडी नसते. लेकरांच्या खिशात फोन नंबर लिहून ठेवा.

सकाळच्या एसटीनं परत आलो. शेजारच्या बाया जमल्या, "सोने, सांग की काय झालं!" मी घरात पळाले, आईनंच सगळं सांगितलं, नथीसकट. म्हणून मी इथं लिहून काढलं.

पण परवा अप्पा पार खालच्या तुकड्यात पाणी देत होते. भाकरी आणली की मी जवळ जाऊन हळूच सांगते, दरवेळी. परवा बांधावरनंच हाक मारली. हाक तीन वावरं ओलांडून गेली. अप्पानं तिथूनच फावडं वर केलं.