पाठीचं माप

बसून काम करणाऱ्या बाईची पाठ दुखते, यावर आमच्या घरात कोणाचा विश्वास नव्हता. दुखावी ती शेतात निंदणाऱ्या बाईची, कापूस वेचणाऱ्या बाईची. मी देवळीत बसस्टँडच्या रस्त्यावर शिलाईचं दुकान चालवते, वीस वर्षं झाली. ब्लाउज, सलवार-कमीज, आणि जून जवळ आला की शाळेचे गणवेश. नवरा शेतातून यायचा, मी कमरेवर हात ठेवून उभी दिसले की म्हणायचा, "तुह्यं काम त बसून हाये ना बाप्पा, मंग पाठ काऊन दुखून राह्यली?" तो वाईट मनाचा नाही. पण या एका वाक्यानं माझ्या डोक्यात तिडीक जायची.

मग गणवेशांच्या घाईत एका संध्याकाळी मी मशीनवरून उठायला गेले आणि उठताच येईना. पाय आहेत की नाहीत तेच कळेना. लेकीनं बखोटीला धरून ओढलं, तेव्हा कशीबशी उभी राहिले. डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं: आणखी काही वर्षं अशाच बसलात, तर उभं राहणं विसरा. दुकान सोडून करू काय, हे काही ते सांगणार नव्हते. लेकीनंच वर्ध्यातला एक कोर्स शोधला, रुग्णसेवेचा, सहा महिन्यांचा. पास झालं की दवाखान्यात काम, दिवसभर चालतं-फिरतं. मला तर तेच हवं होतं; लगेच नाव घातलं. अडचण एकच, शेवटची तोंडी परीक्षा इंग्रजीत. दवाखान्यातले कागद इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, म्हणून निदान शरीराचे भाग आणि त्यांची दुखणी तरी इंग्रजीत सांगता आली पाहिजेत.

मी म्हटलं, हात्तिच्या! शोल्डर, चेस्ट, वेस्ट, हिप. जन्म गेला माझा या शब्दांत. वर्गात वही उघडायचेसुद्धा नाही. परीक्षेला मोठ्या तोऱ्यात गेले. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी हाताच्या भागांची नावं विचारली. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "शोल्डर, आर्महोल, स्लीव्ह, कफ!"

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. मागच्या पोरी तर फिदीफिदी हसल्या. वीस वर्षं कापड कापून मी बाहीलाच हात समजायला लागले होते. कोपर, मनगट, पोटरी, घोटा यांची इंग्रजी नावं मला कधी लागलीच नव्हती. पाठीच्या कण्याचं तर नावच काढू नका. नापास! येताना बसमध्ये जागा रिकामी होती, तरी देवळीपर्यंत उभी आले. पोरींचा नाही, स्वतःचाच राग आला होता.

दीड महिन्यानं पुन्हा परीक्षा होती. ती शेवटची संधी. ठरवलं, आता माझ्या पद्धतीनं शिकायचं. लेकीला दुकानात उभं केलं आणि तिच्या कपड्यांवर आलपिनांनी चिठ्ठ्या टोचल्या. एल्बो, रिस्ट, थाय, नी, अँकल. पाठीवर वरपासून खालपर्यंत एक लांब पट्टी, स्पाइन.

"आई, लोकं पाहून राह्यले ना वं मले!"

"पाहू दे. हाललीस त आलपिन टोचन."

एक बाई ब्लाउज शिवायला टाकायला आली, ती आधी लेकीकडे आणि मग माझ्याकडे पाहतच राहिली. मी तिचं माप घेता घेता तिचेही अवयव म्हणून घेतले. बसून बसून होणारी दुखणी मात्र वेगळ्या कागदावर लिहून मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवली होती. त्यांचे अर्थ कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती. पायडल मारता मारता पायाला मुंग्या आल्या, बधिर झाला, की म्हणायचं, नम. उठताना कंबर आखडली की, स्टिफ. संध्याकाळी पाऊल सुजून चपलेत जाईना की, स्वेलिंग. दिवस मावळेपर्यंत यादी दोनदा होऊन जायची.

तरी परीक्षेच्या दिवशी घात झालाच. सकाळी एका बाईला ब्लाउज द्यायचा होता, तो देऊन धावत बस पकडली, आणि वर्ध्यात मॅडमसमोर उभी राहिल्यावर लक्षात आलं की माप घ्यायचा टेप गळ्यात तसाच आहे. अवयव सगळे धडाधड सांगितले. मग त्यांनी विचारलं, पेशंट रोज दहा तास खुर्चीत वाकून बसतो, तर त्याच्या शरीराला काय होतं? भिंतीवरचा कागद डोळ्यांपुढे आणायला गेले, तर सगळं कोरं. मॅडमनी पेन उचललं. छे, एवढं करून परत त्याच मशीनवर जाऊन बसू? मी गळ्यातला टेप काढला.

"मॅडम, स्टँड प्लीज."

त्या चकित होऊन उभ्या राहिल्या. मी मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत त्यांचं मागचं माप घेतलं, मग खांद्यापासून पुढचं. "बॅक लाँग. फ्रंट शॉर्ट. शोल्डर राउंड. मॅडम, यू सिट टू मच!"

हे मला कोणत्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्या बायांच्या ब्लाउजची पाठ काही वर्षांनी लांब कापावी लागते, नाहीतर तो मागून वर चढतो. माझ्या मापाच्या वहीत अशा कितीतरी बायांची जुनी-नवी मापं आहेत. बोलता बोलता नम, स्टिफ, वीक मसल्स, सगळी यादी आपोआप तोंडात आली.

मॅडम या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतला आणि मराठीत म्हणाल्या, "आता तुम्ही वळा."

मला कोणी माप लावून किती वर्षं झाली होती! मी माझा ब्लाउज जुन्यावरून कापते. तो मागून वर चढायला लागला, तेव्हा वाटलं, धुण्यात आटला. मॅडमनी आकडा वाचला: साडेपंधरा इंच. लग्नाच्या वर्षी शिलाई शिकताना आमच्या बाईंनी माझ्यावरच माप घेऊन दाखवलं होतं, ते अजून वहीच्या पहिल्या पानावर आहे. पाठ चौदा. सगळ्यांच्या पाठी मी मोजल्या आणि माझीच मला दिसली नाही. तिथंच रडू फुटलं. मॅडमनी पास लिहिलेला कागद पुढे केला, तरी थांबेना.

घरी आले ती तडक वही काढली, चौदाच्या शेजारी साडेपंधरा लिहिलं आणि नवऱ्यापुढे उघडून धरली. "हे लग्नाच्या वर्षीचं. हे आजचं. दीड इंच वाकली पाठ. तुमी म्हनता ना, बसून हाये काम?"

त्यानं दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "हे वापस येते काय?"

"सगळं नाई येनार. जितकं येते तितकं मी आनीन. तुमी फक्त दर महिन्याले माप घेजा."

त्यानं टेप हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कुठून धरू?"

मी त्याच्याकडे पाठ केली आणि जमेल तेवढी ताठ उभी राहिले.