दिल्लीच्या पाहुण्यांसमोर भरली घागर

गोजरबाईनं एका जागी बसून चार राज्यं पाहिली. आधी निजामाचं, मग हैदराबादचं, मग मुंबईचं ते मोठं राज्य आणि शेवटी महाराष्ट्र. घर मात्र तेच. हसनाबादच्या अलीकडच्या एका लहान गावात, ओढ्याच्या उताराला असलेल्या बौद्धवस्तीतलं. राज्य बदललं की कोणीतरी टोपीवाला वस्तीत यायचा आणि सांगून जायचा, की तुमच्या पाण्याचं आता होऊन जाईल. छप्पन सालानंतर वस्तीनं धर्म बदलला, पण पाण्याची रीत काही गावानं बदलली नाही. बाया विहिरीपासून लांब घागरी ठेवून बसायच्या. गावातल्या कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. दया यायला कधी कधी दुपार व्हायची.

म्हणून म्हणा किंवा जन्मजात म्हणा, गोजरबाईचा कशावरच विश्वास नव्हता. बावन्न साली पहिलं मतदान झालं, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. हिनं मत टाकलं आणि घरी यायचं सोडून सावलीत बसून राहिली. संध्याकाळी पेट्या बैलगाडीत चढल्या, तशी ही गाडीमागं चालू लागली. पार शिवेपर्यंत गेली. तिचा नवरा रखमाजी वैतागून म्हणाला, "अगं, पेटी काय पळून राह्यली का?"

"पेटी न्हाई पळत. आतलं पळतं," ती म्हणाली.

अशा बाईच्या वाट्याला बहात्तरचा दुष्काळ आला.

दुष्काळ आहे हे पोटाला कळतं, पण सरकारला तो कळावा लागतो आणि त्याची एक रीत असते. पीक किती आण्यांचं आलं ते आधी गावात ठरतं. तिथून ते तालुक्याला जातं, तालुक्यावरून औरंगाबादला, औरंगाबादहून मुंबईला आणि मुंबईहून दिल्लीला. मग दिल्लीला खरं वाटावं म्हणून तिथून माणसं बघायला येतात. पाण्याच्या पाइपाला जितके जोड, तितकी गळती. इथंही तसंच. गावातून निघालेली तहान दिल्लीत पोहोचेपर्यंत नुसती ओल उरते.

गोजरबाई सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिथंच बोलणं निघालं, की सरकार आता गावोगाव यंत्रं पाठवून बोअर पाडून राह्यलंय. आपल्या गावालाही एक मिळेल, पण दिल्लीच्या पथकाला गरज दिसली तर. बोअर वस्तीत पडला, तर वरून ओतलेल्या पाण्याची वाट बघणं संपणार होतं. गोजरबाईला जगात दुसरं काही नको होतं. ती हे कोणापाशी बोलली मात्र नाही. जे मनापासून पाहिजे ते सरकारला आणि सरपंचाला कळू देऊ नये, असं तिचं मत होतं.

सरपंच होते सर्जेराव पाटील. माणूस वाईट नव्हता, हे तिलाही मान्य होतं. पण वाईट माणूस ओळखू तरी येतो, बरा माणूस कधी फिरेल ते कळत नाही, म्हणून नजर त्याच्यावर जास्त ठेवावी, असं ती म्हणायची.

एके दिवशी कोतवाल कचरूनं दवंडी दिली. कचरू वस्तीतलाच, नात्यानं तिचा दीर. "ऐका हो! उद्या दिल्लीचे साहेब दुष्काळ बघाया येणार हायेत होऽ! ज्यानं त्यानं आपलं अंगण झाडून घ्यावं होऽ!"

"कचरूभावजी, जरा थांबा," गोजरबाईनं त्याला अडवलं. "दुष्काळ बघाया येणार, तर झाडायचं कशाला? झाडता झाडता दुष्काळच बाहेर जाईल ना."

"वैनी, मी बोलणारा. इचार करणारे चावडीत बसलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या तोंडाशी सर्जेरावांची बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत पाण्यानं भरलेली टिपाडं. कुठल्या तरी लांबच्या मळ्यातून आणलेली. सालगडी खाली उतरला आणि वस्तीतल्या बायांच्या घागरी स्वतःच्या हातानं धरून भरू लागला. घागरीला त्याचा हात लागत होता, तरी तो हात आखडत नव्हता.

"आज शिवाशिव कुठं गेली गं?" गोजरबाईनं शेजारच्या चांगुणाबाईला हळूच विचारलं.

"ती बी पथकाला भेली," चांगुणाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

गोजरबाई हसली नाही. फुकट आलेलं पाणी तिला खडीच्या पाटीपेक्षा जड वाटत होतं. तेवढ्यात सर्जेराव आले. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा.

"बायांनो, भरल्या घागरी घेऊन येशीत उभं राह्यचं. वर आंब्याचा डहाळा. गावातल्या बाया डाव्या अंगाला, तुम्ही उजव्या."

"पाटील, भरल्या घागरी कशाला? रिकाम्या दाखवा ना," गोजरबाई म्हणाली.

सर्जेरावांनी कानाला हात लावला. "येडी का काय तू, गोजरबाई? पाहुणा येशीत येतो अन् समोर रिकामी घागर? असा अपशकुन कोणी करतं का? आल्या पावली माघारी जाईल तो. भरली घागर दिसली की काम बराबर होतं."

"काम कोणाचं? तुमचं का आमचं?"

"गावाचं!" ते म्हणाले आणि पुढं गेले.

गोजरबाईनं मनात हिशेब मांडला. वस्तीच्या डोक्यावर पाणी दिसलं, की साहेब म्हणणार, यांना कशाला बोअर? मग यंत्र जाणार पाटलाच्या आळीला. डाव तिला सरळ दिसत होता. न दिसणारी एकच गोष्ट होती. इतका मोठा डाव खेळणारा माणूस आज लग्नघरातल्यासारखा आनंदात का होता?

दोन जीपगाड्या आल्या. पुढच्या गाडीतून काळा चष्मा लावलेले मोठे साहेब उतरले, मागच्या गाडीतून तहसीलदार आणि एक तरुण इंजिनिअर. हलगी वाजली, नारळ फुटला. साहेबांनी दोन्ही बाजूंच्या घागरी पाहिल्या, त्यातलं हलणारं पाणी पाहिलं आणि तहसीलदारांना म्हणाले, "अरे, यहाँ तो पानी है!"

तहसीलदारांचं तोंड उतरलं. सर्जेरावांनी मात्र ती तारीफ समजून मिशीवरून हात फिरवला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते गाडीकडं वळले.

गोजरबाईला उद्याची सकाळ दिसली. उद्या परत विहिरीपासून लांब बसायचं होतं आणि विहिरीचा दोर गावाच्याच हातात होता. आज गावाची शोभा केली, तर उद्या कोणाला दया येणार? पण जीपचं दार उघडलं आणि तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली. निजामाच्या राज्यात कानावर पडलेल्या उर्दूमुळं तिला थोडी हिंदी बोलता येत होती.

"साहब, ये पानी आज का है. गाडी में से आया. कल का पानी देखना है तो मेरे संग चलो."

हलगी थांबली. सर्जेराव ओरडले, "गोजरे!"

मोठे साहेब चष्म्याआडून बघत राहिले. मग म्हणाले, "टाइम नहीं है," आणि इंजिनिअरकडं बोट करून गाडीत बसले. तो तरुण तेवढा तिच्यामागं चालत आला.

ओढ्याच्या पात्रात वस्तीनं झिरा खणला होता, माणूसभर खोल. वर झाकायला बोरीच्या काट्यांची बोराटी. आत वाळूतून बोटाएवढी धार झिरपायची. ती करवंटीनं काढायची आणि फडक्यातून गाळायची. इंजिनिअर बूट काढून खड्ड्यात उतरला. करवंटी भरायला लागणारा वेळ त्यानं उभं राहून पाहिला. पण त्यानं खिशातलं पेन काही काढलं नाही, आणि गोजरबाईचा संशय पुन्हा जागा झाला.

"लिख लेव साहब."

"मेरे लिखने से क्या होता है, माई? ऊपर भी लोग हैं."

"ऊपर कितने?"

तो हसला, पाय झटकून वर आला आणि निघून गेला.

मग जे व्हायचं तेच झालं. विहिरीवर कोणाला दया येईना. बाया उन्हात बसून रिकाम्या घागरी घेऊन परत येऊ लागल्या. चांगुणाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या जिभेनं व्हतं ते बी पाणी तोडलं गं बाई." रखमाजी दोन कोस लांबून कावडीनं पाणी आणू लागला आणि बायकोला एका शब्दानं बोलला नाही. तिला तेच जास्त लागलं.

सर्जेराव एकदा खडीच्या कामावर आले, तेव्हा तिच्यासमोर उभे राहिले. "मी दोन दिस बैल दमवून पाणी आणल्तं. गावाची अब्रू झाकावी म्हणून. तू चारचौघांत उघडी केली."

"तुम्हाला बोअर तुमच्या आळीला पाह्यजे व्हता."

"माझ्या आळीला?" सर्जेराव तिच्याकडं बघतच राहिले. "माझ्या मनातबी न्हाई आल्तं गं ते."

ते गेल्यावर गोजरबाईनं पुढचा दगड ओढला आणि हातोडा मारला. माणूस खरं बोलला असं तिला वाटलं. पण डाव नसतानाही वस्तीचं पाणी जाऊ शकतं, नुसत्या मानापायी जाऊ शकतं, हे तर डावापेक्षा वाईट होतं. डावाशी भांडता तरी येतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा ट्रकवरचं यंत्र गावात शिरलं. चावडीपाशी थांबलं. सगळं गाव भोवती जमा झालं. ड्रायव्हरनं खिशातला कागद पाहिला, रस्ता विचारला आणि ट्रक ओढ्याच्या उताराला घातला. तीन दिवस वस्तीत दगडाचा भुगा उडत होता. मग पाणी लागलं आणि हापसा बसला.

कोणाच्या सहीनं यंत्र वस्तीत आलं ते गावाला कधीच कळलं नाही. तहसीलदार म्हणे, माझा रिपोर्ट. आमदाराचा माणूस म्हणे, आमदारसाहेबांनी मुंबईत टेबल वाजवलं. त्या इंजिनिअरचं तर कोणाला नावही माहीत नव्हतं. हापशाला हार घालायच्या दिवशी सर्जेरावही वस्तीत आले आणि भाषणात म्हणाले, "पथकाला मी बोलावलं, पथकानं पाह्यलं, म्हणून हा हापसा मी तुमच्या दारात आणला."

टाळ्या वाजल्या. गोजरबाई पुढं आली.

"तुम्ही आणला, पाटील?"

"मंग कोणी?"

"मंग आधी पाणी तुम्हीच प्या. नवं पाणी हाये. कसं लागलंय काय माहीत. आणणाऱ्यानं आधी चाखून दाखवावं."

टाळ्या बंद झाल्या. गावातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. वस्तीतलं पाणी, आणि पाटलानं प्यायचं! 'मी न्हाई आणला' म्हणायची सोय सर्जेरावांनी स्वतःच ठेवली नव्हती. त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. तहसीलदार आभाळाकडं बघत होते.

"भावजी, हापसा," गोजरबाई म्हणाली.

कचरूनं दांडा मारला. सर्जेरावांनी फेटा सावरला, खाली वाकले आणि ओंजळ धरली. दोन घोट प्याले. मग तिसरा.

"गोड हाये," ते तोंड पुसत हळू आवाजात म्हणाले.

गोजरबाईनं त्यांच्या तोंडाकडं नीट निरखून पाहिलं. मग घागर उचलली आणि धारेखाली लावली.