स्टिअरिंगचे दोन झटके

“पोरीला सांगू नका, उगं घाबरंल.”

मिस्त्री माझ्या काकांना हळूच म्हणाले, पण गॅरेजच्या पत्र्याखाली सगळंच ऐकू येतं. मी मोबाइलमध्ये बघत राहिले. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक बरंच बोलून जातात.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव मी नुसते वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाची चूक शोधायचे. माझ्या अनुभवातली तुम्ही शोधा... मला सापडलेली नाही.

गॅरेज मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडे. सकाळची वेळ, लख्ख ऊन. गाडी माझ्या पप्पांची – दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार, माझ्यापेक्षा कितीतरी जुनी. पप्पा गेल्या वर्षी गेले. आता काकांनी करमाडला गिऱ्हाईक बघितलं होतं आणि दादा गाडी लगेच तिकडे नेणार होता. जालना रोडने, त्या ट्रकांमधून. आणि स्टिअरिंग सैल होतं.

“जॅक लावून चाक हलवून बघितलं, सगळं टाइट हाय,” मिस्त्री आता मोठ्याने म्हणाले. “जुन्या गाडीला थोडा प्ले राहतोच.”

“बघ, उगाच शंका काढत होतीस,” काका मला म्हणाले.

मग हे लपवत काय होते?

पप्पा कधीच जॅक लावून प्ले, म्हणजे सांध्यातला सैलपणा, बघायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवरच ठेवायचं, मी सीटवर बसून स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवायचं, आणि ते खाली उताणे पडून एकेक सांधा हाताने चाचपायचे. सैल सांधा सापडला की तो धरून दोनदा झटका द्यायचे. माझ्या तळहातांना तो जाणवायचा. मग मी “कळलं” म्हणायचं, असं ठरलेलं. मी म्हणायचे नाही, हळूच हॉर्न वाजवायचे. “एकदा तरी तोंडानं बोल गं,” खालून आवाज यायचा.

म्हणून मी गाडीत बसले. इंजिन बंद. स्टिअरिंग हलवलं, थांबले. हात नुसते ठेवलेले... आणि डाव्या बाजूने दोन झटके आले.

मिस्त्री नळावर हात धूत होते. काका फोनवर. दादा भिंतीवरच्या आरशात केस नीट करत होता. मी उतरून, वाकून गाडीखाली बघितलं – कुणी नाही. पुन्हा बसले. पुन्हा दोन झटके.

मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली. दादाने हात पुढे केला तरी दिली नाही. डाव्या चाकाकडे बोट दाखवलं.

“हिचं आपलं काहीतरीच,” दादा म्हणाला. मिस्त्रींनी मात्र न कुरकुरता पाना उचलला. मला तेच विचित्र वाटलं.

टाय रॉडचा, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचा सांधा, वरून रबर ठीक, आतून पार झिजलेला. तो मिस्त्रींच्या हातात सुटून आला. दादाने तो घेऊन उलटासुलटा करून बघितला.

“मगाशी तुमी यायच्या आधी मी एकटाच आत बसलो व्हतो,” मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले. “तवा बी असेच दोन झटके बसले. तेच सांगितलं तुमच्या काकाला.”

काकांनी फोन खिशात टाकला.

उभ्या, बंद गाडीत झिजलेला सांधा आपोआप झटके देत नाही – मी नंतर इतरांनाही विचारलंय. मिस्त्री थापा मारत असतील, असाही संशय घेऊन झाला. पण स्टिअरिंगवर हात माझे होते, त्यांचे नळाखाली.

ते तिघं चहाला गेले. मी पुन्हा सीटवर बसले. हॉर्नवर अंगठा ठेवला... आणि काढला.

“कळलं, पप्पा.”