चिंचेनं घासलेली काडतुसं

श्यामसुंदर परचुरे यांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली ती दोन हजार एक साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. स्वेच्छा बँकेची होती आणि निवृत्ती आपली, असं ते स्वतःच सांगत आणि समोरच्याने हसायच्या आत हसून घेत. घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली. दुसऱ्या आठवड्यात कामवाल्या इंदुबाईंसाठी हजेरीचं रजिस्टर सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी हेमाताई म्हणाल्या, "अहो, स्पृहाला क्लबात सोडायला तुम्हीच जात जा. आणि तिथेच थांबत जा."

स्पृहा ही त्यांची एकुलती एक मुलगी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. रायफल क्लबात ती पॉइंट टू-टू रायफलीने पन्नास मीटरवर नेम धरायची. वडील सोडायला म्हणून गेले आणि महिन्याभरात तिथल्या सगळ्यांना सल्ले देऊ लागले. त्यांनी स्वतः उभ्या आयुष्यात सात गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यांतल्या सहा शेजाऱ्याच्या कागदावर लागल्या होत्या, पण उंटावरून शेळ्या हाकायला उंटाशिवाय काय लागतं?

राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. मागच्या वर्षी स्पृहाचा नववा नंबर आला होता आणि पुढे जातात ते पहिले आठ. हा एक नंबर श्यामसुंदररावांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून होता. स्वतः शाकाहारी असूनही. अडचण होती ती काडतुसांची. माल परदेशी, तो कधी येईल याचा नेम नाही. बाजारात अमेरिकेची चॉकलेटं आणि शांपू दुथडी भरून वाहत होते, पण काडतुसं मात्र प्रत्येकी तीन खोकी, म्हणजे दीडशे. तेवढ्यात महिना काढायचा.

एके दिवशी त्यांनी पाहिलं, की झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी केरसुणीने गोळा करून कोपऱ्यात लोटतात. "अस्सल पितळ केरात!" ते ओरडले. जुने कपडे बोहारणीला देतानाही तीनदा विचार करणाऱ्या घरात ते वाढले होते. सायबर कॅफेत तासभर बसून त्यांनी शोधून काढलं, की अमेरिकेत लोक रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात. पुतण्या आमोद तिकडेच कॉम्प्युटरमध्ये होता. त्याला लगेच फोन गेला.

"काका, नक्की कुठली रायफल? कारण सगळ्या काडतुसांना..."

"अरे, रायफल ती रायफल. तू यंत्र आण."

चारच दिवसांनी, दिवाळीला येताना, आमोदने ते यंत्र आणलं. टेबलाला आवळायचं, दांडा ओढायचा, लोखंडी आणि जडशीळ. हेमाताईंनी ते उलटसुलट पाहिलं. "हा सोऱ्या चकलीचा नाही वाटतं?" त्यांनी विचारलं, आणि त्या पुन्हा फोडणीकडे वळल्या.

यंत्राबरोबर जाडजूड पुस्तक आलं. पहिल्या प्रकरणाचं नाव होतं 'नवशिक्यांसाठी'. हा शब्द श्यामसुंदररावांना झोंबला. तीस वर्षं त्यांनी कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला "आधी सगळी कलमं वाचा, मग सही करा" असं दरडावलं होतं. त्यांनी पहिलं प्रकरण सोडलं आणि एकदम तिसरं उघडलं.

मग सुरू झाली साफसफाई. क्लबातून आणलेली दोन हजार नळकांडी त्यांनी चिंचेच्या कोळात भिजत घातली, देवाच्या उपकरण्यांसारखी घासली आणि गच्चीवर हेमाताईंच्या चिवड्याच्या पोह्यांशेजारी वाळत घातली. लेकीने विचारलं, "बाबा, हे नक्की चालणार आहे ना?" त्यांनी एक नळकांडं उन्हात धरून तिला त्याची झळाळी दाखवली. स्पृहा खाली निघून गेली.

इथवरचं सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण शनिवारी त्यांनी क्लबात, सगळ्यांसमक्ष, स्पृहाची तीन खोकी उचलली आणि पूर्णिमाच्या हातात ठेवली. पूर्णिमा स्पृहाच्याच वयाची. वडील नागोराव वर्ध्याकडून येऊन हडपसरला राहिले होते आणि एका सॉफ्टवेअर कंपनीची बस चालवत. तीही त्याच स्पर्धेला उतरणार होती.

"घे बाळ. आम्ही आता आमची घरीच भरणार."

"काका, पण ही टू-टूची..."

"आधी माझं पूर्ण ऐकून घे." आणि ते वीस मिनिटं बोलले.

घरी काडतुसं भरायची तर सरकारी परवानगी हवी, हे मात्र त्यांना ठाऊक होतं. परवानगीशिवाय दारूचा कणही घरात यायचा नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि पोलीस आयुक्तांच्या नावे तीन प्रतींत अर्ज लिहिला. त्याला जाणकाराचं शिफारसपत्र जोडावं, म्हणजे वजन पडेल, असं वाटून यंत्र आल्याच्या अकराव्या दिवशी ते स्वारगेटहून बसने लोणी काळभोरला गेले. तिथे कोंडीराम राहत. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती.

कोंडीरामांनी पिशवीतलं एक नळकांडं उचललं आणि चष्म्याजवळ धरलं. "लई झाक घासलंया," ते म्हणाले. "पर साहेब, ह्ये परत भरत न्हाईत."

"म्हणजे?"

"मोठ्या काडतुसाला बुडात मधोमध टोपी असती. ती काढून नवी घालता येती. ह्येच्या काठातच मसाला असतोय. एकदा घाव बसला की काठ चेपला, खेळ खलास. ह्ये पितळ आता मोडीत घाला."

श्यामसुंदररावांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच पहिलं प्रकरण उघडलं. चौथ्या पानावर चौकटीत, ठळक अक्षरांत, नेमकं हेच छापलेलं होतं. आपल्याइतका गाढव या पानापर्यंत पोचूच नये अशी छापणाऱ्याचीही इच्छा असावी, असं त्यांना वाटलं. आणि मग स्पृहाचं क्लबातलं रिकामं कपाट आठवलं. स्पर्धेला अठरा दिवस उरले होते आणि पोरीकडे एक काडतूस नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी तीन भाषणं तयार केली. पहिल्यात चूक आमोदची होती, दुसऱ्यात अमेरिकेची. तिसरं मनात जुळेपर्यंत हडपसर आलं आणि ते उतरले.

नागोरावांनी दार उघडलं. "या जी साहेब, बसा." दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत पूर्णिमा जमिनीवर पालथी पडून, लाकडाची फळी रायफलीसारखी खांद्याला लावून, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरत होती. फळीच्या टोकावर आठ आण्याचं नाणं ठेवलं होतं. ते पडू न देता ती बोट दाबत होती.

श्यामसुंदरराव तिन्ही भाषणं विसरले. "बाळ," ते म्हणाले, "ती खोकी... मी मूर्खपणा केला. त्यातली काही उरली असतील तर..."

पूर्णिमा उठली. कपाटातून तिने तीन खोकी काढून समोर ठेवली. तिन्हींचं सील तसंच होतं.

"माझी संपली आठ दिवसांपूर्वी," ती म्हणाली. "ही स्पृहाची आहेत."

"अगं, मग वापरली का नाहीस?"

"तुम्ही येणार हे ठाऊक होतं, काका. टू-टू परत भरत नाहीत."

म्हणजे दोघी पोरींचा सराव बुडाला होता; एकीकडे काडतुसं नव्हती म्हणून, दुसरीकडे होती तरी ती दुसरीची म्हणून. 

"स्पृहाला ठाऊक होतं?"

"हो."

"क्लबात?"

"सगळ्यांनाच."

"मग एकाही माणसाने मला सांगितलं कसं नाही?"

पूर्णिमाने वडिलांकडे पाहिलं. नागोराव पाहुण्याचा मान राखायचा की खरं बोलायचं, या विचारात क्षणभर थांबले. "रागावू नका साहेब," ते हळूच म्हणाले. "पण तुम्हाले कोण सांगन?"

लाज वाटली. तीस वर्षांत ऑडिटवाल्यांपुढेसुद्धा वाटली नव्हती इतकी. गच्चीवरून खाली जाणारी लेक त्यांना आठवली. तिनेही एकदा विचारून पाहिलं होतं, आणि उत्तरादाखल आपण तिला पितळ दाखवलं होतं.

"उद्यापासून दोघी मिळून वापरू," पूर्णिमा म्हणाली. "दीड दीड खोकं येईल. अठरा दिवस पुरवू."

नागोरावांनी चहा आणला. श्यामसुंदररावांनी कप हातात घेतला. ते म्हणाले, "पूर्णिमा, त्या दिवशी तू मला जे सांगत होतीस, ते आता पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

ती सांगू लागली. तिसऱ्या वाक्याला श्यामसुंदररावांचं तोंड उघडलं. त्यांनी घाईघाईने चहाचा घोट घेतला. चहा उकळता होता, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. पण ते बोलले नाहीत.