पट्ट्यातली मेजरकी

चहा निवायच्या आत एक कबुली देऊन टाकतो. मी मेजर होतो. चांगला सात महिने. लष्कराला याची काही कल्पना नव्हती, पण कर्वेनगरातल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या सोसायटीला होती. आणि पुण्यात सोसायटीने एकदा एखादी गोष्ट ठरवली की लष्कराला विचारतो कोण?

हसताय काय? आधी माझी पाठ समजून घ्या.

माझा मणका सरळ नाही. जन्मलो तेव्हा असावा, पण तेराव्या वर्षी त्याने आपला रस्ता बदलला. वर उजवीकडे वळतो, खाली डावीकडे, सिंहगडाच्या घाटासारखा. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात. आमच्या शाळेतले पी.टी.चे सर याला आळस म्हणायचे. "कुंटे, सरळ उभा राहा." मी म्हणायचो, "सर, मी सरळच उभा आहे." हे खरं होतं, पण उलट उत्तर धरलं जायचं आणि मी मैदानाबाहेर. पंधरा ऑगस्टच्या संचलनात मी कधीच नव्हतो. मी पाण्याच्या पिंपाशी असायचो.

पाठ दुखायची. उठताना, बसताना, बसून उठताना. पण रोज भेटणाऱ्या माणसाची जशी सवय होते तशी दुखण्याचीही होते. तसं बरं चाललं होतं हो आमचं.

मग हिंजवडीला कंपन्या उभ्या राहायला लागल्या. मीही एकीत चिकटलो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम. बसून काम, दहा-दहा तास. एका डिसेंबरात कंपनीच्या बसमधून उतरताना पाठीने असा असहकार पुकारला की ड्रायव्हर आणि दोन सहकारी यांनी मिळून मला गोदरेजच्या कपाटासारखा आडवा खाली उतरवला.

डॉक्टरांनी ब्रेस दिला. म्हणजे पट्टा, पण साधासुधा नाही. काखेपासून कमरेच्या खालपर्यंत कडक प्लास्टिकचं कवच, पुढे तीन बंद, वरून शर्ट. शिवाय सूचना: वाकायचं नाही. काही उचलायचं तर गुडघ्यात बसून उचला. मागे बघायचं तर अख्खे वळा. बेसिनवर वाकून डोकं धुता येईना म्हणून मी केसही अगदी बारीक कापून टाकले.

ब्रेस घालून आरशासमोर उभा राहिलो आणि बघतच राहिलो. दोन्ही खांदे एका रेषेत. छाती पुढे. मान ताठ. चाळीस वर्षांत मी या गृहस्थांना कधी पाहिलं नव्हतं.

"मंजू, अगं बघ तरी."

बायको स्वयंपाकघरातून आली, तिने वरून खाली पाहिलं. "छान दिसताय. आता तेवढा सिलिंडर..." आणि तिला आठवलं. "राहू दे, मीच सरकवते."

जानेवारीत आम्ही या सोसायटीत राहायला आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला मी फिरून येत होतो. (डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं. एकसारखी पावलं, हात हलवत.) दारातला पेपर मी न वाकता, गुडघ्यात बसून, सरळ पाठीने उचलला. मागून आवाज आला, "वा!" मी मान न वळवता जागच्या जागी अख्खा वळलो. समोर सोसायटीचे अध्यक्ष लेलेकाका. बँकेतून निवृत्त. कौतुक हा प्रकार ते जपून खर्च करतात.

"आपण मूळचे कुठले?"

"खडकवासल्याचा."

खोटं नव्हतं. माझे वडील धरणावर पाटबंधारे खात्यात होते, माझं बालपण तिथल्या वसाहतीत गेलं. पण लेलेकाकांनी माझ्या केसांकडे पाहिलं, मिशीकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनात धरण काही आलं नाही. लष्करी अधिकारी घडवणारी तिथली संरक्षण प्रबोधिनी आली.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "तो ताठपणा लपत नाही. मेजर?"

आता इथे एक साधा माणूस काय म्हणाला असता? "नाही हो, पाठीचा पट्टा आहे." संपलं. पण मंडळी, मला उभ्या आयुष्यात कोणी ताठ म्हटलं नव्हतं. शिंप्यापासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी "जरा तिरपे दिसता" हेच सांगितलेलं. त्या एका शब्दाने मला इतका आनंद झाला की माझ्या तोंडून फक्त "हं हं" असं काहीतरी आलं. पुण्यात नम्र माणूस दुर्मीळ, त्यामुळे लेलेकाकांना ते फारच भावलं.

संध्याकाळपर्यंत वॉचमन मला सलाम ठोकू लागला.

मग काय, गाडी उतारावर लागली. सर्वसाधारण सभेत मला घडीच्या खुर्चीत बसता येईना म्हणून मी दोन तास भिंतीशी उभा राहिलो, तर लोक म्हणाले, "मेजर बसत नाहीत." पार्किंगवरून दोन बिऱ्हाडांत जुनं भांडण होतं. ते दोघे माझ्याकडे न्याय मागायला आले तेव्हा नेमकी माझ्या पाठीत कळ आली. मी दात आवळून नुसता त्यांच्याकडे पाहत राहिलो. दोघांनी मुकाट्याने आपापल्या गाड्या हलवल्या. जिन्यात पोरं मला पाहून गप्प व्हायची. कंपनीची बस गेटवर यायची, तर लेलेकाकांनी सर्वांना सांगून ठेवलं की मेजर आता कंपन्यांच्या सुरक्षेचं बघतात.

"अहो, सांगून टाका," मंजू रोज म्हणायची.

"मी कुठे म्हटलंय की मी मेजर आहे?"

"मेजर नाही, असंही म्हटलेलं नाहीये."

"विषयच निघत नाही."

"मग काढा की." आणि ती भाजी निवडायला बसायची. मी विषय काढला नाही. खरं सांगू? सकाळी ते बंद आवळताना मला ते वर्दीचे वाटायला लागले होते.

जुलै संपत आला आणि लेलेकाका घरी आले. "पंधरा ऑगस्टला मुलांचं संचलन करू या. शिकवायला आपण असताना बाहेरचा माणूस कशाला?"

संचलन! ज्याने जन्मभर ते पाण्याच्या पिंपाशेजारून पाहिलं, त्याने ते शिकवायचं. मी "हो" म्हणालो. मंजूने कपाळावर हात मारला, तो लेलेकाकांना दिसला नाही.

चौदा पोरं जमली. सावधान, विश्राम, एवढं मला येत होतं. उरलेलं मी आवाजावर निभावून नेलं. त्यांच्यात एक केतकी होती, वानखेडेंची, तेरा वर्षांची, शिडशिडीत. वानखेडे कुटुंब अमरावतीकडचं, वडील भोसरीला कारखान्यात. तिची आई पहिल्याच दिवशी तिला हाताला धरून घेऊन आली होती.

"मेजरसाहेब, हिले जरा शिस्त लावा बा. एका अंगावर झुकून चालून राहिली पोरगी. मी सांगून सांगून थकली."

"लावतो," मी म्हणालो. मेजरने आणखी काय म्हणायचं?

आणि लावली की. पहिल्या दिवशी, "केतकी, उजवा खांदा खाली." दुसऱ्या दिवशी, "केतकी, तुझ्या एकटीमुळे रांग बिघडते." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काका, मी सरळच उभी आहे." आणि मी काय केलं असेल? तिला रांगेतून बाहेर काढलं. तेरा पोरांसमोर. तिकडे जिन्याच्या पायरीवर जाऊन बस म्हणालो.

अजून आठवलं की मला माझीच लाज वाटते.

चौथ्या दिवशी ती आली, पण माझ्याकडे बघेना. बुटाची नाडी सुटली होती म्हणून पाय न दुमडता कमरेत वाकून बांधायला लागली. मी मागेच उभा होतो. तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा चांगली दोन बोटं वर आलेली दिसली. हे दृश्य मला नवीन नव्हतं. अशाच वाकलेल्या अवस्थेत डॉक्टरांनी माझी पाठ कितीदा तपासली असेल, त्याचे फोटोही आमच्या कपाटात आहेत.

मी "विश्राम" म्हणालो आणि पोरांना घरी पाठवलं. 

संध्याकाळी वानखेडेंच्या घरी गेलो. लेलेकाका तिथेच बसलेले, झेंड्याच्या दोरीबद्दल बोलायला. म्हटलं, चला, दोन्ही कामं एकदमच होतील.

"वहिनी, केतकीला पाठीच्या डॉक्टरांकडे न्या. उद्याच. ती मुद्दाम झुकून चालत नाही, तिचा मणका वळतोय."

"तुम्हाले कसं समजलं?"

"माझाही तसाच आहे."

लेलेकाका हसले. "मेजर, आपली पाठ म्हणजे..."

शब्दांनी भागणार नाही हे दिसलं. मी उठलो आणि शर्टाची बटणं काढली. आतला पट्टा दिसला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. लेलेकाका पुढे झुकून, फार आदराने, हळूच म्हणाले, "गोळी लागू नये म्हणून ना? अजून घालता?"

"काका, मी मेजर नाही. लष्करात नव्हतो. मी कॉम्प्युटर कंपनीत चुका शोधतो. हा पाठीचा पट्टा आहे."

लेलेकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बहुधा सात महिन्यांचे सलाम मोजत असावेत.

वानखेडेवहिनींना मात्र मेजर असण्या-नसण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. "तुमची सोताची पाठ अशी," त्या म्हणाल्या, "आन् तीन दिवस माह्या पोरीले रागावले?"

मी केतकीकडे वळलो, अख्खा, आणि म्हणालो, "चुकलं माझं. तू सरळच उभी होतीस." मग वहिनीच रडायला लागल्या. "मी बी तेच करून राहिली होती ना," म्हणाल्या, आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

केतकी उठून जवळ आली. पट्ट्यावर बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं.

"घाम येतो?"

"येतो."

"आणि खाज?"

"ते विचारू नकोस."

ती पहिल्यांदाच हसली. मी शर्टाची बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फलकावर लेलेकाकांच्या वळणदार अक्षरात सूचना होती: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, बी-७ मधील श्री. कुंटे हे मेजर नाहीत. तरी त्यांना सलाम करू नये. केलेले परत मिळणार नाहीत.' वॉचमनने ती वाचली आणि मला पाहून हात अर्ध्यात थांबवला. पार्किंगवाले दोघे त्याच संध्याकाळी पुन्हा भांडले.

पण खरं सांगतो, मला हलकं वाटलं. लोक मला पाहून गप्प व्हायचे ते बोलायला लागले. कोणाची कंबर, कोणाची मान, सगळी दुखणी आमच्या बैठकीत यायला लागली. पंधरा ऑगस्टला झेंडा लेलेकाकांनी फडकवला, संचलनात केतकी पहिल्या रांगेत होती, खांदा होता तसा ठेवून. मी बाजूला उभा राहून टाळ्या वाजवल्या. आज ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, पाठीचं वळण होतं तिथेच थांबलंय, आणि आम्हा दोघांचं अजून छान जमतं.

थांबा, चहा संपवू नका. खरी फजिती राहिलीच.

मी पट्टा दाखवला त्याच आठवड्यात केतकीला माझ्याच डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. पट्टा घालावा लागेल या भीतीने ती यायला तयार नव्हती, म्हणून वहिनींनी मलाही बरोबर बोलावलं. रिक्षात मी तिला कर्वे रस्ताभर उपदेश केला. डॉक्टर सांगतील ते ऐकायचं. ते म्हणतील तितके तास घालायचं, ते म्हणतील तितके दिवस घालायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. ती निमूट ऐकत होती.

डॉक्टरांनी तिचा एक्स-रे पाहिला. "बरं झालं, वेळेवर आणलंत. वाढीचं वय आहे. ब्रेस नीट घातला तर वळण थोपवता येईल." वहिनींनी हात जोडले. केतकीने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलवण्यासाठी अख्खा डोललो. तेव्हा डॉक्टरांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"कुंटे? तुम्ही तर परत फिरकलाच नाहीत." मग त्यांनी माझ्या शर्टावर बोट टेकवलं. टक्क. "हे काय? अजून घालता?"

"हो, म्हणजे... नियमित."

"अहो, मोठ्या माणसाचं वळण ब्रेसने जात नाही. कळ थांबेपर्यंत घाला म्हटलं होतं. सहा आठवडे. नंतर काढून व्यायाम करायचा, असं कागदावर लिहून दिलं होतं. आठ महिने घातल्यावर पाठीचे स्नायू झोपणार नाहीत तर काय? आता जास्तच दुखत असेल."

"दुखतं," मी म्हणालो.

"मग कशासाठी घातलात इतके दिवस?"

मी छताकडे पाहिलं. वहिनींनी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे पाहिलं. केतकीने मात्र डॉक्टरांकडे पाहिलं आणि अगदी समजूतदारपणे सांगितलं, "डॉक्टर, त्यांना रागावू नका. ते मेजर होते ना तेव्हा."